अबोला म्हणजे शांती नव्हे

 

यावेळचा विषय आम्ही ठरवला नाही. तो आमच्याकडे चालत आला. मागच्या महिन्यात इंदूरच्या रविवारच्या बैठकीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला, मंडळी दाराशी चपला शोधू लागली, तेव्हा एक काकू जागेवरून उठल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "मला एक विचारायचं आहे. आमचे हे आता रागावत नाहीत, असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. पूर्वी ताट सरकवायचे, आता नाही सरकवत. पण आज नऊ दिवस झाले, ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. सकाळची माळ मात्र एकही दिवस चुकलेली नाही. मग राग गेला म्हणायचा, की नुसता आवाज गेला?"

दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग एका ज्येष्ठ गुरुबंधूंनी समजूत घालायच्या सुरात म्हटलं, "काकू, मौन हेसुद्धा मोठं तप आहे." त्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "मौन सगळ्यांशी असतं हो. हे फक्त माझ्याशी आहे."

हे वाक्य आम्हाला घरी येऊनही सोडेना. म्हणून हे लिहीत आहोत. काका आणि काकू, दोघांनाही विचारूनच लिहिलं आहे. नावं, खुणा कोणी विचारू नयेत. आपल्यापैकी बऱ्याच घरांत हेच दोघं थोड्याफार फरकाने राहतात.

*झालं काय होतं?*

काकांनी धाकट्या भावाला गावाकडच्या जुन्या घराचं छप्पर दुरुस्त करायला पैसे दिले. मुदत ठेव मोडून दिले. काकूंना सांगितलं नाही. चार दिवसांनी जावेचा फोन आला, "वहिनी, तुमचे उपकार झाले." काकूंना कळेना कसले उपकार. त्याच रात्री मुलगी-जावई जेवायला होते. पानावर बसता बसता काकूंच्या तोंडून निघालं, "या घरात मला विचारतंय कोण? मी आपली पोळ्या लाटायला!" काकांनी घास खाली ठेवला, हात धुतला आणि खोलीत गेले. तेव्हापासून अबोला.

काकूंना वाटलं, आपल्याला फसवलं. काकांना वाटलं, जावयासमोर आपली अब्रू काढली. दोघांनाही लागलेलं होतं आणि दोघांचंही लागणं खरं होतं. पण नऊ दिवसांत या दोन वाक्यांपैकी एकही वाक्य त्या घरात उच्चारलं गेलं नाही. घरात संदेश जात होते ते नातवामार्फत. "आजोबांना सांग, चहा ठेवलाय."

*आवरणं म्हणजे काय?*

आपल्या मराठीत रागासाठी किती क्रियापदं आहेत बघा. राग येतो. राग काढतात. राग गिळतात. राग धरतात. राग आवरतात. आणि शेवटी राग निवतो. यातलं येणं आपल्या हातात नाही. पुढचं बरंचसं हातात आहे. अडचण अशी की गिळणं, धरणं आणि आवरणं या तिन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. तिन्हींत आवाज चढत नाही. म्हणून बैठकीतल्या लोकांना काका शांत दिसले आणि काकूंना दिसले नाहीत.

आवरणं हा शब्द आपण घरात रोज वापरतो. घर आवरणं, पसारा आवरणं, स्वयंपाकघर आवरणं. पसारा आवरणं म्हणजे तो पलंगाखाली ढकलणं नव्हे. वस्तू उचलायची, ती काय आहे ते बघायचं, तिच्या जागी ठेवायची. टाकायची असेल तर टाकायची. राग आवरण्याचंही तेच आहे. राग काढला म्हणजे पसारा दुसऱ्याच्या अंगावर फेकला. राग गिळला म्हणजे पलंगाखाली ढकलला. पाहुणे म्हणतील, काय स्वच्छ घर आहे! पण पलंगावर झोपणाऱ्याला खाली काय आहे ते माहीत असतं.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी हेच फार कडक शब्दांत सांगितलं आहे. हात-पाय आवरून धरायचे आणि मनात मात्र त्याच विषयाचं चिंतन चालू ठेवायचं, अशा माणसाला तिथे मिथ्याचारी म्हटलं आहे. आपण हे सहसा खाण्यापिण्याच्या मोहाबद्दल समजतो. पण जीभ आवरून धरली आणि मनात "ही नेहमीच अशी" हे चिंतन नऊ दिवस चालू ठेवलं, तर तेही त्याच जातीचं नाही का? हातात माळ असली तरी मन कशाची माळ ओढतंय, हा प्रश्न उरतोच.

*गिळलेला राग समोरच्याला बाधतो*

"मी माझ्यापुरता गप्प बसलो, त्यात कोणाचं काय बिघडलं?" असं आपण म्हणतो. याचा शोध घेणारा एक प्रयोग एमिली बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्या केल्या. दोघींना युद्धातल्या विध्वंसाचा, मन हलवून टाकणारा चित्रपट दाखवला आणि मग त्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सूचना होती की मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. झालं असं की भावना लपवणारीचा रक्तदाब तर वाढलाच, पण समोर बसलेल्या दुसरीचाही वाढला. बिचारीला सूचनेबद्दल काही माहीत नव्हतं. अशा बाईशी मैत्री करावी असंही तिला फारसं वाटलं नाही.

त्या दोघी तर अनोळखी होत्या, आणि प्रसंग काही मिनिटांचा. नवरा-बायको चाळीस चाळीस वर्षं एका छपराखाली राहतात. तिथे एकाने दार लावून घेतलं की दुसऱ्याच्या छातीवर ओझं येणारच. काकूंना नऊ दिवस झोप लागत नव्हती, हे त्यांनी नंतर सांगितलं.

*मग लगेच बोलून टाकायचं का?*

नाही. तेही नाही. दुसऱ्या बाजूचीही चूक आपण रोज करतो. "मी मनात काही ठेवत नाही, तोंडावर बोलते" असं अभिमानाने सांगणारे आपल्यात कमी नाहीत. आमच्या इंदुरात तर भांडण मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं. तोवर काय काय बोलून जातो ते आपलं आपल्याला आठवत नाही.

न आठवण्याचंही कारण आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात रागाची पूर्ण साखळी सांगितली आहे. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृती ढळते आणि मग बुद्धी जाते. स्मृती ढळते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. ज्या माणसाने आपल्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसून काढली, त्याच्याबद्दल भर रागात आपण म्हणतो, "तुम्ही माझ्यासाठी आजवर केलंय तरी काय?" त्या क्षणी आपल्याला खरंच आठवत नसतं.

अमेरिकेतले जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोची भांडणं प्रयोगशाळेत, नाडीला यंत्र लावून, वर्षानुवर्षं पाहिली. त्यांचं म्हणणं असं की नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही. शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत असतं. त्यांनी एक गंमत केली. भांडण रंगात आलं की सांगायचं, यंत्र जरा नीट करायचंय, तोवर अर्धा तास मासिकं वाचा, या विषयावर बोलू नका. अर्ध्या तासाने तीच माणसं तोच विषय बोलायला बसली तेव्हा ठोके उतरलेले होते आणि बोलणंही सुधारलेलं होतं. म्हणून ते सांगतात, निदान वीस मिनिटं तरी थांबा. आपल्या घरातला कुकर हेच सांगतो. शिट्टी वाजत असताना झाकण उघडत नाहीत. उतरवतात, वाफ जाऊ देतात, मग उघडतात. पण उघडतात! कुकर नऊ दिवस कट्ट्यावर बंद ठेवला तर आतला भात काय होईल ते गृहिणींना सांगायला नको.

म्हणजे थांबणं आणि अबोला यांतला फरक असा. थांबणारा माणूस सांगून थांबतो, "मला आत्ता राग आलाय, आत्ता बोलता येणार नाही." तो वेळ सांगतो, "जेवणानंतर बोलू." आणि वेळ झाली की स्वतःहून परत येतो. अबोल्यात यातलं काहीच नसतं. कधी संपणार ते समोरच्याला माहीत नसतं. ते माहीत नसणं हीच तर त्यातली शिक्षा असते.

*पण मग हे ढोंग नाही का?*

आमच्या तरुण गुरुबंधूंपैकी एकाने हा प्रश्न विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. तो म्हणाला, "मनात राग असताना शब्द तोलून बोलायचे, म्हणजे खोटंच ना? निदान नवरा-बायकोत तरी माणसाने खरं असावं."

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आम्हाला असं वाटतं की रागात आपण जे बोलतो त्यात खरं फार थोडं असतं. काकूंचं वाक्य घ्या. "या घरात मला विचारतंय कोण?" हे खरं होतं का? मुलीचं लग्न, घराचा रंग, डॉक्टर कोणता, सगळं त्यांना विचारूनच झालेलं. खरं वाक्य एवढंच होतं, "पैसे देताना मला सांगितलं नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं." रागातले आपले ठरलेले शब्द बघा. नेहमी, कधीच, सगळे, कोणीच नाही. हे शब्द जवळजवळ कधीच खरे नसतात. राग आवरला म्हणून सत्य लपत नाही. उलट राग निवल्यावर सत्य सापडतं. बोली भाषेत आपण म्हणतो तसं, गढूळ पाणी जरा निवळलं की तळ दिसतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं समोरच्याला उद्विग्न न करणारं असावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचंही असावं. यातलं एक घेऊन दुसरं सोडायची मुभा नाही. तोंडावर बोलणारा 'खरं' एवढंच धरतो. गिळणारा 'उद्वेग नको' एवढंच धरतो. दोघांचंही तप अर्धंच राहतं. गप्प बसून वाणीचं तप पूर्ण होत नाही, कारण तिथे वाणीच नाही.

*तिसरा जो पाहतो*

आता हे करायचं कसं? उपदेश सोपा असतो, ताटावर बसल्यावर काही सुचत नाही. इथे आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १२० जोडप्यांचा दोन वर्षं अभ्यास केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना एक काम दिलं. अलीकडच्या एका भांडणाकडे अशा तिऱ्हाइताच्या नजरेने बघायचं ज्याला दोघांचंही भलं हवं आहे, आणि त्याला काय दिसेल ते सात मिनिटं लिहायचं. वर्षात तीनदा. म्हणजे अख्ख्या वर्षात एकवीस मिनिटं! ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्या संसारातलं समाधान हळूहळू उतरत राहिलं. ज्यांनी लिहिलं त्यांची ती उतरण थांबली. त्यांची भांडणं कमी झाली नव्हती बरं का. पण भांडणाचा त्रास कमी झाला होता.

हे वाचताना आम्हाला वाटलं, यालाच तर आपण साक्षीभाव म्हणतो. डोळे मिटून बसल्यावर साक्षी होणं त्यामानाने सोपं. स्वयंपाकघरात साक्षी होणं अवघड. आणि त्या प्रयोगातला एक शब्द विसरू नये. तिऱ्हाईत नुसता कोरडा नाही, त्याला *दोघांचं भलं* हवं आहे. नुसता कोरडा साक्षी झाला तर नवरा म्हणेल, "मी अलिप्त आहे," आणि बायको म्हणेल, "मग माझ्याजवळ आहे कोण?"

*एक सावधगिरी*

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हे पत्र एखाद्या घरात चुकीच्या कामाला वापरलं जाईल. राग आवरायला आपल्याकडे लहानपणापासून कोणाला शिकवतात? मुलीला. "तू गप्प बस, तो दमून आलाय." आणि २०१४ सालचा एक अभ्यासही आहे, बर्कले इथला. मध्यमवयीन आणि वयस्कर ऐंशीहून अधिक जोडपी, तेरा वर्षं पाहिलेली. त्यात दिसलं की भांडणात बायको लवकर निवते अशा जोडप्यांत समाधान जास्त. हे ऐकून कोणी म्हणेल, बघा, विज्ञानही तेच सांगतं! पण त्यांनी पुढेही शोधलं. बायकांचं समाधान वर्षांमागून वर्षं वाढलं ते कशामुळे? निवल्यावर त्यांनी जे सरळ, मार्ग काढणारं बोलणं केलं त्यामुळे. गप्प बसल्यामुळे नव्हे. आणि बोलायला समोर ऐकणारा कान लागतो. तो नवऱ्याचा वाटा आहे.

संत बहिणाबाईंचं चरित्र आपण कीर्तनात ऐकतो. जन्म १६२८ चा, वेरूळच्या बाजूच्या देवगावचा. लहानपणीच पुष्कळ मोठ्या वयाच्या बिजवराशी लग्न. तुकोबांच्या अभंगांचा ध्यास लागला म्हणून नवऱ्याने मारलं, बांधून घातलं. कीर्तनकार सांगतात, तिने सोसलं. खरं आहे. पण तिने आणखी एक केलं, ते आपण विसरतो. तिने ते सगळं स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलं. मार खाल्ला तो सांगितला, मनात काय आलं तेही सांगितलं. आज साडेतीनशे वर्षांनी ते आपल्याला माहीत आहे ते तिने न लपवल्यामुळे. संतांची सहनशीलता ही त्यांची स्वतःची साधना असते. तिचा हुकूम करून दुसऱ्यावर लादायचा नसतो.

म्हणून जिथे हात उचलला जातो, धमकी असते, भीती असते, तिथे हा "भावना आवरा" चा धडा पीडित बाईला देऊ नये. तिथे राग नेमका कोणी आवरायचा ते उघड आहे. त्या भगिनीला आधी सुरक्षित जागा आणि मदत हवी. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. गुरुबंधूंनी अशा वेळी "सहन कर, सगळं ठीक होईल" म्हणू नये. सोबत जावं.

*काका-काकूंचं पुढे काय झालं?*

बैठकीनंतर दोन दिवसांनी काका स्वतः आमच्याकडे आले. थोडे रागावलेलेच होते. घरातली गोष्ट चारचौघांत गेली म्हणून. आम्ही त्यांना काहीच सांगितलं नाही, चहा दिला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मी राग करत नाही हो. मला बोलताच येत नाही. बोलायला गेलं की छातीत धडधडतं. आमचे वडील ओरडायचे. मी ठरवलं होतं, आपण ओरडायचं नाही. पण ओरडायचं नाही तर काय करायचं, हे कोणी शिकवलंच नाही."

आम्ही एवढंच म्हटलं, "काका, हेच काकूंना सांगाल का? जसंच्या तसं."

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी सांगितलं. काकू ओटा पुसत होत्या. हातातलं फडकं तसंच धरून त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "जावयासमोर मी बोलायला नको होतं." काका म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." पैसे देणं बरोबर होतं असं काकांना अजूनही वाटतं. एवढी रक्कम द्यायला नको होती असं काकूंना अजूनही वाटतं. तो मतभेद मिटलेला नाही, आणि मिटायलाच हवा असंही नाही. पण आता तो नातवामार्फत चालत नाही.

आम्हाला वाटतं, काकूंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. राग गेला की नाही हे बैठकीतल्या मंडळींनी ठरवायचं नसतं. आपल्यासोबत राहणाऱ्या माणसाला आपल्याजवळ यायची भीती वाटेनाशी झाली, की समजावं राग निवला. आपल्या साधनेचा दाखला घरातून मिळायला हवा.

*या पंधरवड्याचा अभ्यास*

१. राग आला की "मला राग आलाय" हे सांगावं, आणि किती वाजता बोलू तेही सांगावं. ठरल्या वेळी ज्याने थांबायला सांगितलं त्यानेच यावं.

२. नेहमी, कधीच, सगळे, कोणीच नाही हे चार शब्द भांडणात वापरायचे नाहीत. वापरले गेले तर तिथेच थांबून वाक्य पुन्हा म्हणावं. हसू आलं तर येऊ द्यावं.

३. मागच्या एखाद्या भांडणाबद्दल सात मिनिटं लिहावं. दोघांचंही भलं चिंतणाऱ्याला त्यात काय दिसलं असतं? वही एकमेकांना दाखवायची सक्ती नाही.

४. आज एखाद्या घरात अबोला चालू असेल, तर हे पत्र पुढे पाठवून "बघ, काय लिहिलंय" असं म्हणू नये. उठून शेजारच्या खोलीत जावं.

काही कमी-जास्त लिहिलं गेलं असल्यास क्षमा असावी. आपले अनुभव पुढच्या बैठकीत अवश्य सांगावे, मात्र जोडीदाराला विचारून.